रुग्ण पथ्य पाळत नाही

३ मार्च

ग्रंथालयाचे जुने खंड आज आले. एकशे ऐंशी. हमालाने दारातच रचले आणि सही घेऊन चालता झाला. आत कोण नेणार, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. शेवटी मी आणि वन्संनी मिळून आत आणले. महिनाअखेरीला सगळे नवी बांधणी करून परत द्यायचेत, म्हणून ही वही पुन्हा काढली. काम अंगावर आलं की मला कुठेतरी बोलून टाकावं लागतं, आणि घरात ऐकून घेणारं कोणी नाही.

पुस्तकबांधणीचं हे दुकान आम्ही दोघी नणंद-भावजया चालवतो. वन्सं पानांचे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे छोटे गठ्ठे, दोऱ्याने शिवतात. कापणी, पुठ्ठे, कापड आणि पुस्तकाच्या कण्यावरची सोनेरी अक्षरं माझ्याकडे. त्या माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, नवरा गेल्यापासून आमच्याचकडे असतात. त्यांच्यासारखा सरळ टाका घालणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगत नाही.

संध्याकाळी त्यांची बोटं आखडली. खणातली लाल गोळी दिली, तासाभरात पुन्हा शिवायला बसल्या. आम्हाला काम शिकवलं ते उस्ताद ही गोळी दाभण, मेण आणि हाडाच्या पट्टीशेजारी ठेवायचे. हात चालता ठेवणारी प्रत्येक वस्तू हत्यारांच्या खणात, असा त्यांचा नियम. आणि दुसरा नियम, दुकानातलं घरी न्यायचं नाही, घरचं दुकानात आणायचं नाही. पाती आणि सरस असलेल्या जागेत ते बरंच असतं. आम्ही दोन्ही नियम आजपर्यंत मोडलेले नाहीत.

७ मार्च

वन्संचं ब्लडप्रेशर एकशे अठ्ठावन्न. गेल्या महिन्यात एकशे चौतीस होतं.

हे निवृत्त मोजणीदार. जमिनी मोजायच्या संपल्या, आता बहिणीचा दंड मोजतात. तीनदा मोजलं, तिन्ही आकडे कागदावर लिहिले, खाली रेघ मारली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, स्वयंपाकात मीठ जास्त पडतंय का? माझं डोकंच फिरलं. वन्संची भाजी मी महिनोन्‌महिने वेगळी काढते. आमच्या तिघांत आळणी खाणाऱ्या त्या एकट्या असल्या, तरी दोन भांडी घासणारी मी आहे.

मग पडतंय कुठून? मला जो संशय आला तो आला.

११ मार्च

वन्संच्या पिशवीत खाऱ्या दाण्यांची पुडी सापडली. मी शोधत नव्हते, चष्मा काढायला सांगितला म्हणून हात घातला. विचारलं तर म्हणतात, शेजारच्या बाईंच्या नातीसाठी घेतलीय. अगदी शांतपणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्यासाठी मी जिवाचं रान करते आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकता?"

त्या दोऱ्याला मेण लावत बसल्या. खरं बोलणाऱ्या माणसाने निदान रागवावं तरी. मी पुडी उचलून सरळ कचऱ्यात टाकली, गाठसुद्धा सोडली नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्या असं करणार नाही. लेकीला काय, ती तिकडे दुसऱ्या गावात बसून उंटावरून शेळ्या हाकते.

१२ मार्च

वन्संना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. एकशे बासष्ट. बाईंनी गोळीचा डोस वाढवला आणि वर पाण्याची गोळी सुरू केली, लघवीवाटे जास्तीचं पाणी आणि मीठ निघून जावं म्हणून. पाऊलही सुजलंय म्हणाल्या. दिवसभर स्टुलावर बसून पाय खाली सोडले तर सुजणार नाही तर काय होणार. यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही.

त्यांनी मागच्या वेळी घरातली सगळी औषधं घेऊन यायला सांगितलं होतं. मी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. डोळ्यांचे थेंब, कॅल्शियम, दोन मलमं, खोकल्याची अर्धी बाटली, सगळं. बाईंनी एकेक पाहिलं आणि विचारलं, आणखी काही? दुखण्याबिखण्याची गोळी? मी सांगितलं, आमच्या घरात असलं काही नसतं. आणि नसतंच. उगाच गोळ्या गिळणारी माणसं नाही आम्ही.

तेवढ्यात वन्सं मध्येच खणाचं काहीतरी काढायला लागल्या. मी म्हटलं, दुकानाचं दुकानात, बाईंचा वेळ घेऊ नका. बाहेर बारा माणसं बसली होती. मग मीच मुद्द्याचं सांगितलं, मिठाचं, दाण्यांचं. बाईंनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला जरा बरं वाटलं. वन्सं रिक्षातून बाहेर बघत होत्या.

१६ मार्च

चौऱ्याऐंशी खंड शिवून झाले. वन्संचे हात आता दुपारीच आखडतात, म्हणून दिवसाला तीन गोळ्या देतेय, खाऊन झाल्यावरच. पोटाची काळजी मला कळते.

औषधवाल्याकडे नवीन पाकिटं घ्यायला गेले तेव्हा हेसुद्धा तिथेच होते, वन्संच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेत होते. दोघं एकाच काउंटरवर. त्याने ह्यांना एक पुडकं दिलं, मला एक दिलं आणि विचारलं, काम जोरात दिसतंय? मी म्हटलं, श्वास घ्यायला फुरसत नाही.

घरी आल्यावर एकशे अडुसष्ट. डोस वाढवून, पाण्याची गोळी घालूनसुद्धा. आता यावर मी काय बोलायचं? यंत्र बदलून आणा म्हटलं तर ह्यांना राग आला. पंचवीस वर्षांत त्यांचं एकही माप चुकलेलं नाही, म्हणे. मग चुकतंय कोण? मी मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. वन्संनी पाहिलं. किल्ली मी कमरेला लावली.

२१ मार्च

वन्संचं पोट बिघडलं. काल दुपारपासून उलट्या, जुलाब. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. हे म्हणाले आज गोळ्या राहू देत. मी म्हटलं, अजिबात नाही, एवढं एकशे अडुसष्ट आहे आणि गोळी चुकवायची? उलटी थांबल्यावर दोन्ही गोळ्या हातावर ठेवून गिळायला लावल्या. आजवर माझ्या हातून एक डोस चुकलेला नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगू शकते.

पासष्ट खंड बाकी आहेत, आणि ग्रंथपालांचा आजही फोन आला. माणूस आजारी आहे म्हटलं तर म्हणतात, लवकर बऱ्या होवोत, पण तीस तारीख लक्षात असू द्या.

२३ मार्च

उलट्या थांबल्या. वन्सं स्वतःच म्हणाल्या, घरी पडून काय करू, येते. दुकानात त्यांना खाटेवर टेकवलं आणि शिवणकामाची चौकट जवळ सरकवली. सकाळपासून बाथरूमला गेल्या नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, बरंच झालं, तेवढी उठबस वाचली.

दोन दिवस आडवं राहून बोटं फार आखडली होती. एकदम दोन गोळ्या दिल्या.

२४ मार्च, इस्पितळाच्या बाकावरून

काय लिहू.

सकाळी अकराच्या सुमारास मी शिवलेला खंड कापायला घेतला तर मधला जुज उलटा. पानं पायाकडून डोक्याकडे. वन्संच्या हातून असलं काही कधीच झालेलं नाही. मी ओरडले. म्हटलं, लक्ष कुठे आहे, आता सगळा उसवायचा का? त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला आईच्या नावाने हाक मारली. त्यांच्या आईच्या. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या. मला ते तोपर्यंत दिसलंच नव्हतं का? रोज समोर बसतात त्या.

मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत, असं इथले डॉक्टर म्हणतात. रक्तात क्रिएटिनिन म्हणून एक आकडा बघतात, तो एकच्या आसपास हवा, वन्संचा साडेचार आहे. उद्यापर्यंत उतरला नाही तर यंत्रावर रक्त धुवावं लागेल. मी विचारलं, जगतील ना? ते म्हणाले, आत्ताच काही सांगत नाही.

त्यांनी खोदून खोदून विचारलं. कोणती औषधं, किती दिवस, दुखण्याची गोळी, जडीबुटी, काही? मी केसपेपर पुढे केला आणि सांगितलं, लिहिलंय तेवढंच. त्यांनी वाचलं. "पथ्य पाळत नाहीत वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, तेच तर मी दोन आठवडे घसा कोरडा करून सांगतेय.

२६ मार्च

तीन पूर्णांक सहा. यंत्राची गरज लागली नाही. सलाइनवर आहेत, इथे ब्लडप्रेशरच्या दोन्ही गोळ्या सध्या बंद ठेवल्यात. लघवी व्हायला लागली. आयुष्यात कधी मी कोणाच्या लघवीसाठी देवाचे आभार मानीन असं वाटलं नव्हतं.

आज मला ओळखलं. पहिला प्रश्न, किती खंड राहिले? मी म्हटलं, आग लागो त्या खंडांना. मग हळूच म्हणाल्या, बोटं फार दुखताहेत गं.

२७ मार्च

सगळं लिहिते. जसं झालं तसंच लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच काहीतरी दुसरं सांगेन.

सकाळी दुकान उघडून खणातून चार गोळ्या सुयांच्या डबीत घेतल्या. उस्तादांचा नियम आज पहिल्यांदा मोडतेय असंच मनात होतं, दुसरं काही नव्हतं. वन्संच्या हातावर एक ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. तेवढ्यात सिस्टर पडदा सारून आत आली. गोळी तिने वन्संच्या हातातून उचलली. विचारलं, ही कुठून आली?

मी म्हटलं, "हाताची आहे. आमच्या दुकानातली."

"कधीपासून देताय?"

"अगं, देतेय म्हणजे काय, खणात असते. हात आखडला की घेतो."

तिने मला खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. मी फार भांडले. म्हटलं, तुम्ही माझ्यावर असा पोलिसासारखा डोळा का ठेवता? ही काय अफू आहे? अर्धं जग घेतं ही गोळी.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं. त्यांनी कागदावर दोन शेंगांसारखी मूत्रपिंडं काढली. ब्लडप्रेशरची गोळी इथून बाहेर जाणारी नळी सैल करते. पाण्याची गोळी अंगातलं पाणी कमी करते. आणि सूज-दुखण्याची ही गोळी आत येणारी नळी आवळते. त्यात जुलाबाने होतं तेही पाणी गेलं. आत रक्त पोचणार कुठून? मग म्हणाले, आणि तीच गोळी अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते, ब्लडप्रेशर वाढवते. म्हणून ते उतरत नव्हतं. त्यावर डोस वाढला, त्यावर पुन्हा ही गोळी.

मी विचारलं, मग मीठ? दाणे?

ते म्हणाले, "मिठाचा इथे काही संबंध दिसत नाही."

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. दिवसाला तीन. खाऊन झाल्यावर. माझ्या हाताने.

२८ मार्च

औषधवाल्याकडे गेले आणि रस्त्यावरची माणसं थांबतील एवढ्या आवाजात बोलले. एका हाताने ह्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या देतोस, दुसऱ्या हाताने मला या देतोस, मधे तुझं डोकं कुठे असतं? एका घरातली माणसं आहोत हे तुला माहीत नाही? तो म्हणाला, "काकू, चिठ्ठी नसताना तुम्ही मागायच्या आणि चौकशी मी करायची? तुम्ही म्हणालात दुकानासाठी हव्यात."

म्हटलं होतं खरं. तरी त्याने विचारायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा वन्संकडे बघून विचारायला हवं होतं, माझ्याकडे नाही. पाकिटावर मुंगीच्या अक्षरात लिहिण्यापेक्षा ठळक लिहायला हवं होतं. या सगळ्यांवर मला संताप येतो आणि तो खोटा नाही. पण वन्सं त्या दिवशी खणाचं सांगायला लागल्या होत्या. त्यांना गप्प यांच्यापैकी कोणी केलं नव्हतं.

ग्रंथपालांना फोन करून सांगितलं, तीस तारखेला मिळणार नाहीत, आणि काय करायचं ते करा. खणातल्या उरलेल्या गोळ्या सिस्टरकडे देऊन आले.

३१ मार्च

आकडा दोन पूर्णांक एक. वन्संना आज सगळं सांगितलं. चार दिवस धैर्य गोळा करून, हात जोडून. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं. म्हणाल्या, "तुला काय माहीत होतं गं? माझी बोटं दुखतात म्हणूनच देत होतीस. आणि घेत तर मीच होते."

मी तिथेच रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पदर पुढे केला. केवढं मोठं मन या बाईचं. एवढ्यावर निभावलं, मी सुटले.

३ एप्रिल

सुटले कसली.

वन्संना घरी आणलं. आकडा दीडवर थांबलाय. डॉक्टर म्हणाले, याहून खाली येईलच असं सांगता येत नाही, यापुढे जपावं लागेल. ब्लडप्रेशरची एक गोळी कमी डोसात सुरू केलीय. बोटांसाठी गरम पाण्याचा शेक आणि साधी तापाची गोळी, तीही मोजून आणि विचारून.

जेवण झाल्यावर वन्संनी चष्मा मागितला आणि फायलीतले सगळे कागद पहिल्यापासून वाचून काढले. डॉक्टरीणबाईंच्या केसपेपरपाशी थांबल्या. १२ मार्चच्या खाली ओळ आहे, "रुग्ण पथ्य पाळत नाही, चोरून खारट खाणे (भावजयीने सांगितल्याप्रमाणे)". इस्पितळाच्या कागदावरही तीच ओळ उतरवून घेतलेली. वन्संनी फाईल मिटली, चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

५ एप्रिल

दोन दिवस अबोला. ह्यांच्याशी बोलतात, लेकीशी फोनवर हसतात, माझ्याशी एक अक्षर नाही. पाणी हवं असलं तर स्वतः उठतात, धरून धरून.

मला संताप आला, का लिहू नये? मी मरणाच्या दारात नेलं ते एका थोपटण्यात माफ, आणि कागदावरच्या एका ओळीसाठी ही शिक्षा? ह्यांना विचारलं, तुमच्या ताईचा हा कसला न्याय? हे म्हणाले, "गोळ्यांचं तुला माहीत नव्हतं. दाण्यांचं तिने तुला सांगितलं होतं."

मी स्वयंपाकघरात गेले. मिठाच्या कपाटाला अजून कुलूप होतं. इतक्या दिवसांत ते काढायचं कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. आजारी बाईसमोर, तिच्याच भावाच्या घरात, किल्ली कमरेला लावून फिरत होते मी. जुलाब होत असतानासुद्धा. मला माझीच एवढी चीड आली की औषधवाला, डॉक्टरीण, सिस्टर, सगळे तिच्यापुढे फिके पडले. शेजारच्या बाईंकडे गेले. दाणे नातीसाठीच होते. तिने वन्संकडे मागितले होते, आणि नंतर वन्सं विसरल्या असतील म्हणून बाईंनी सोडून दिलं.

६ एप्रिल

सकाळी लेकीला फोन केला, खरं काय ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आत्याला सांगितलंस का?"

मग फाईल घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. नंबर नव्हता, तरी आत घुसले. बाहेरच्या माणसांनी आरडाओरडा केला तो केला. बाईंना म्हटलं, ही ओळ माझी आहे, खोटी आहे, खोडा. त्यांनी इस्पितळाचे कागद शांतपणे वाचले. वाचता वाचता त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाल्या, मीही पुन्हा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं, पण ते तुमचं तुम्ही बघा, आधी ही खोडा.

त्यांनी ओळीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, "वरील नोंद चुकीची. रुग्ण पथ्य पाळत होत्या." आणि सही केली.

वन्सं खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. मी आधी दाण्यांचं बोलले, मग कुलपाचं, मग फाईल उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी सुजलेल्या बोटाने ओळीवरची रेघ चाचपली, मग नवी ओळ, मग सही. मी समोर उभी. मला वाटलं आता रडतील, किंवा मला जवळ घेतील, किंवा निदान मान तरी हलवतील.

"तारीख नाही घातलेली," वन्सं म्हणाल्या.

माझ्या पायांतल्या चपला अजून काढायच्या होत्या. फाईल उचलली आणि तशीच परत गेले.